राखण करा, पण हात लावू नका : क्लॅरेन्स एलिस आणि संगणकातलं 'मेरिट'

मेरिटची चर्चा निघाली की संगणकशास्त्र हा प्रस्थापितांचा शेवटचा बुरुज असतो. इतिहासात, मराठीत, समाजशास्त्रात ठेवा हवं तर आरक्षण, पण संगणकाला जात कळत नाही, तिथं फक्त डोकं चालतं, असं सांगणारे पावलोपावली भेटतात. दुःख याचं की हल्ली हेच वाक्य आपल्यातल्या काही इंजिनिअर झालेल्या मित्रांच्या तोंडूनही ऐकू येतं. 'मला कुणी जात विचारली नाही. कोड चालला, नोकरी मिळाली.' ठीक आहे. या मित्रांसाठी, आणि इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाला असलेल्या आपल्या मुलामुलींसाठी, आज एका संशोधकाच्या कारकिर्दीबद्दल लिहिते आहे. त्यांचं नाव क्लॅरेन्स एलिस. अमेरिकेत संगणकशास्त्रात पीएचडी मिळवणारे पहिले कृष्णवर्णीय संशोधक. साल १९६९.

फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामीविरुद्ध लढणाऱ्यांना अर्पण केली. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं. १९७२ मध्ये मुंबईत आपल्या पोरांनी ब्लॅक पँथरवरून संघटनेचं नाव घेतलं. त्या लोकांशी आपलं नातं जुनं आहे. पण ते नातं आपण कविता, आंदोलन आणि भाषण इथवरच ठेवलं. त्यांच्या शास्त्रज्ञांची नावं आपल्याला माहीत नाहीत. एलिस यांनी ज्या प्रश्नावर काम केलं त्याचं फळ आपण रोज वापरतो. गूगल डॉक्समध्ये चार जण मिळून मोर्चाचं निवेदन लिहिताना तुमच्या स्क्रीनवर दुसऱ्याची अक्षरं उमटत जातात ना, त्यामागच्या तंत्राचा पाया एलिस आणि त्यांच्या सहकाऱ्यानं घातलेला आहे.

एलिस यांचा जन्म १९४३ चा, शिकागोच्या दक्षिण भागातला. गरीब, कृष्णवर्णीयांची वस्ती. आईनं पाच मुलं वाढवली. घराला हातभार लावायला हा पोरगा वयाच्या १५ व्या वर्षी एका कंपनीत रात्रपाळीला लागला. काम काय? राखण. कंपनीनं नुकताच संगणक घेतला होता. तेव्हाचा संगणक म्हणजे व्हॅक्यूम ट्यूबचं खोलीएवढं धूड. पोरानं रात्रभर जागायचं, चोरबीर शिरू द्यायचा नाही, मशीनवर लक्ष ठेवायचं. आणि मशीनला हात लावायचा नाही.

ही अट वाचून मला आपला वेसकर आठवला. गावाची वेस राखायची महारानं, सरकारचा खजिना डोक्यावरून पोचवायचा महारानं, शेताच्या हद्दीचा तंटा झाला तर साक्ष महाराची. म्हणजे विश्वासाचं काम सगळं त्याच्याकडे. आणि गावच्या विहिरीवर मात्र त्यानं जायचं नाही. ज्याच्यावर तुम्ही अख्खं गाव सोपवता त्याच्या हातानं पाणी कसं बाटतं, हा प्रश्न कुणाला पडला नाही. शिकागोतल्या त्या मुलावर वेसकराची परंपरा लादली गेली होती असं मी म्हणत नाही. त्याला नोकरी होती, पगार होता, आणि महागड्या मशीनला एखाद्या गोऱ्या पोरालाही कदाचित हात लावू दिला नसता. पण राखण तुझी आणि वापर आमचा, ही मांडणी आपल्या ओळखीची आहे.

पोरानं काय केलं? हात लावायला बंदी होती, वाचायला नव्हती. मशीनसोबत आलेली माहितीपुस्तकं त्यानं रात्री वाचून काढली. एकदा कंपनीत अडचण आली. हिशेबाचं महत्त्वाचं काम अंगावर आणि कोऱ्या पंचकार्डांचा साठा संपलेला. वापरलेली कार्डं पुन्हा चालवायची असतील तर मशीनची जुळणी बदलावी लागणार होती, आणि ती कशी बदलायची हे फक्त या राखणदाराला ठाऊक होतं.

ही गोष्ट अमेरिकेत प्रेरणादायी म्हणून सांगितली जाते. 'बघा, जिद्द असली की माणूस कुठंही पोचतो.' आपल्याकडेही ती अशीच फॉरवर्ड होईल. मला तिच्यात वेगळं दिसतं. त्या कंपनीत पगारी माणसं होती, मशीन विकत घेणारे होते, चालवणारे होते. पुस्तकं त्यांच्याही टेबलावर होती. मशीन समजलेला माणूस कोण, तर ज्याला हात लावायला बंदी होती तो. मग कंपनीच्या लेखी 'मेरिट' कुणाचं होतं? पगारपत्रक आणि ज्ञान यांची तिथं गाठच पडलेली नव्हती. कार्डं संपली नसती तर ते कधी उघडकीलाही आलं नसतं. अशी कार्डं न संपलेल्या किती ठिकाणी किती पोरं नुसती राखण करत म्हातारी झाली असतील?

नुसत्या जिद्दीवर एलिस पुढे गेले हेही खरं नाही. शाळेतल्या शिक्षकांनी त्यांना शिकागोच्या विद्यापीठांतल्या उन्हाळी वर्गांना पाठवलं. विद्यापीठ म्हणजे काय हे तिथं पहिल्यांदा दिसलं. पुढे विस्कॉन्सिन राज्यातल्या बेलॉइट नावाच्या छोट्या कॉलेजात प्रवेश झाला. तिथं शिकत असताना कॉलेजला आयबीएम १६२० हा संगणक देणगी म्हणून मिळाला, आणि तो उभा करायचं काम रसायनशास्त्राच्या एका प्राध्यापकानं आणि विद्यार्थी एलिस यांनी मिळून केलं. कॉलेजची संगणक प्रयोगशाळा तिथून सुरू झाली. १९६४ मध्ये गणित आणि भौतिकशास्त्र घेऊन ते पदवीधर झाले.

इथं थोडं थांबा. हाच आयबीएम १६२० संगणक १९६३ मध्ये आपल्या देशातही आला होता. आयआयटी कानपूरला. भारतातलं संगणकशिक्षण ज्या ठिकाणी रुजलं त्यातलं ते एक महत्त्वाचं ठिकाण. त्या मशीनवर शिकलेल्या पिढ्या पुढे देशातल्या आणि अमेरिकेतल्या विद्यापीठांत, कंपन्यांत मोठ्या झाल्या. आता दुसरं साल लक्षात घ्या. आयआयटीच्या प्रवेशात अनुसूचित जाती-जमातींना आरक्षण मिळालं १९७३ मध्ये. संविधान लागू होऊन २३ वर्षं झाल्यावर, आणि कानपूरला ते मशीन येऊन १० वर्षं झाल्यावर. त्या १० वर्षांत संगणक म्हणजे काय हे ठरवणारी पहिली फळी तयार होऊन गेली. पुढच्या प्राध्यापकांची निवड त्या फळीनं केली, त्यांनी त्यांच्या पुढच्यांची. आज जे लोक 'आमच्या विषयात परंपरेनंच मेरिट आहे' म्हणतात, त्यांनी ही दोन सालं शेजारी शेजारी लिहून बघावीत.

बेलॉइटनंतर एलिस इलिनॉय विद्यापीठात गेले. इलियॅक-४ नावाचा महासंगणक तिथं आकाराला येत होता, त्याच्या कामात ते होते. १९६९ ला पीएचडी. ही सालं हवेत तरंगत नाहीत. १९६४ मध्ये अमेरिकेत नागरी हक्क कायदा झाला होता. १९६६ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग एलिस यांच्याच शिकागोत घरांच्या प्रश्नावर लढत होते. एप्रिल १९६८ मध्ये किंग यांचा खून झाला आणि शहरं पेटली. त्याच वर्षी इलिनॉय विद्यापीठानं शेकडो कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना एकदम प्रवेश देण्याची 'प्रोजेक्ट ५००' नावाची मोहीम घेतली. विद्यापीठाला ही बुद्धी आपसूक सुचली नव्हती, रस्त्यावरच्या रेट्यानं सुचली. एलिस त्या मोहिमेतून आले नाहीत, ते आधीपासून तिथं होते. पण ज्या विद्यापीठात ते पीएचडी लिहीत होते ते विद्यापीठ आपले दरवाजे उघडायला भाग पाडलं जात होतं, हे विसरून त्यांचं यश समजत नाही. आणि त्यांच्यानंतर संगणकशास्त्रात पीएचडी मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय स्त्री, मार्शा विल्यम्स, हिला १९८२ साल उजाडावं लागलं. १३ वर्षं. स्त्रीच्या वाट्याला दोन कुलुपं असतात हे आपल्या सावित्रीच्या लेकींना वेगळं सांगायला नको.

पुढची कारकीर्द भराभर सांगते. काही वर्षं बेल लॅब्स. १९७२ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात सहायक प्राध्यापक, तिथल्या संगणकशास्त्र विभागाच्या सुरुवातीच्या काळात. मग एमआयटी. १९७६ पासून झेरॉक्स कंपनीची पार्क ही संशोधनशाळा. १९८० च्या दशकात ऑस्टिन इथली एमसीसी, अनेक कंपन्यांनी मिळून काढलेली संशोधन संस्था. थोडा काळ फ्रान्समधली बुल कंपनी. १९९२ मध्ये पुन्हा कोलोरॅडो, आता पूर्ण प्राध्यापक म्हणून. १९९७ मध्ये संगणकशास्त्रज्ञांच्या एसीएम या संघटनेनं त्यांना फेलो केलं, तो मान मिळालेले ते पहिले कृष्णवर्णीय. निवृत्तीनंतर घानामधल्या आशेसी विद्यापीठाशी ते जोडले गेले. २०१४ मध्ये वारले.

आता त्यांच्या कामाकडे येऊ, कारण आपण आपल्या माणसांचा 'पहिला' एवढाच उल्लेख करतो आणि काम विसरतो. पहिला बॅरिस्टर, पहिली डॉक्टर, पहिला कलेक्टर. त्यांनी विचार काय केला, नवीन काय शोधलं, ते कोण सांगणार?

झेरॉक्स पार्कमध्ये एलिस आणि गॅरी नट यांनी ऑफिसचा अभ्यास केला. अर्ज येतो. एक कारकून तो नोंदवतो. दुसरा तपासतो. तिसरा सही करतो. कुठला कागद कुणाच्या टेबलावरून कुठं जातो, कुणाला कुठली माहिती लागते, काय आधी आणि काय नंतर, कुठली दोन कामं एकाच वेळी होऊ शकतात, याची आकृती गणिती नेमकेपणानं कशी मांडायची हा त्यांचा प्रश्न होता. ऑफिसटॉक नावाचं सॉफ्टवेअर त्यातून झालं. माणसांच्या गटानं मिळून वापरायच्या सॉफ्टवेअरच्या पहिल्या काही नमुन्यांपैकी ते एक. १९८० मध्ये या दोघांनी ऑफिसच्या माहितीव्यवस्थेवर लिहिलेला लेख त्या विषयातला पायाभूत लेख मानला जातो. सॉफ्टवेअर म्हणजे एक माणूस आणि एक मशीन, अशीच समजूत असण्याच्या काळात ही माणसं सांगत होती की सॉफ्टवेअर म्हणजे माणसांमाणसांतला व्यवहार आहे.

मी समाजशास्त्रात एमए केलेली बाई. कोड मला येत नाही. पण हे वाचताना मी ताठ बसले. कारण टेबलावरून टेबलावर जाणारा कागद हा आपल्या लोकांचा रोजचा संसार आहे. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, पडताळणी, शिष्यवृत्ती. वस्तीत काम करताना मी शेकडो अर्ज भरून दिलेत. आता सगळं पोर्टलवर. मागच्या एका वर्षी आमच्या वस्तीतल्या एका मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज तीन वेळा 'त्रुटी' असा शेरा मारून परत आला. त्रुटी कुठली, ते पोर्टल सांगत नव्हतं. अर्ज कुणाच्या टेबलावर अडकलाय, तेही दिसत नव्हतं. कार्यालयात गेलं तर साहेब म्हणतात, 'सिस्टीममध्ये तसं दिसत नाही, आमच्या हातात काही नाही.' आधी कारकून तोंड चुकवायचा, आता कारकुनाला 'सिस्टीम' सापडली.

पण सिस्टीम आकाशातून पडत नाही. अर्ज परत पाठवताना कारण लिहिणं सक्तीचं ठेवायचं की ऐच्छिक, हे कुणीतरी एका मीटिंगमध्ये ठरवलेलं असतं. विद्यार्थ्याला त्याचा अर्ज कुठल्या टेबलावर आहे ते दाखवायचं की लपवायचं, हेही कुणीतरी ठरवलेलं असतं. एलिस ज्या आकृत्या काढत होते त्यातल्या एका बाणाचा हा प्रश्न आहे. तो बाण काढणाऱ्या माणसानं आयुष्यात कधी तहसीलबाहेर दाखल्यासाठी दिवस घालवलेला नसेल, तर त्याला तो बाण सुचणार कसा? त्याच झेरॉक्स पार्कमध्ये लूसी सचमन ही मानववंशशास्त्रज्ञ काम करत होती. कागदावरची कार्यपद्धती आणि माणसं प्रत्यक्षात काम कसं करतात यात केवढं अंतर असतं, हे तिनं दाखवलं आणि अशा सॉफ्टवेअरच्या मर्यादांवर टीकाही केली. तेव्हा समाजशास्त्र शिकणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, हा फक्त इंजिनिअरांचा मामला नाही.

कुणी म्हणेल, एलिस तर कंपन्यांसाठी काम करत होते, ऑफिसांची कार्यक्षमता वाढवत होते, त्यांचा चळवळीशी काय संबंध? बरोबर आहे. ते क्रांतिकारक होते असा माझा दावा नाही. आणि कृष्णवर्णीय माणसानं किंवा आपल्या माणसानं सॉफ्टवेअर लिहिलं की ते आपोआप न्याय्य होतं, एवढी भाबडी मीही नाही. आपले किती अधिकारी खुर्चीत बसल्यावर काय करतात ते बघतोच आपण. माझा मुद्दा एवढाच की जिथं या गोष्टी ठरतात त्या खोलीत आपण नाही.

एमसीसीमध्ये असताना एलिस यांनी सायमन गिब्ज यांच्यासोबत ते प्रसिद्ध काम केलं, ज्याचा उल्लेख सुरुवातीला केला. प्रश्न असा. समजा आपण दोघं दोन गावांत बसून एकाच पत्रकावर काम करतोय. पत्रकात लिहिलंय : 'सभा संध्याकाळी सहाला सुरू'. तुम्ही अगदी सुरुवातीला 'जाहीर' हा शब्द घातला. त्याच क्षणी मी तिसरा शब्द खोडा असं सांगितलं, कारण वेळ बदललीय, 'सहाला' काढायचंय. माझी आज्ञा तुमच्याकडे पोचेपर्यंत तुमच्या पत्रकात तिसरा शब्द 'संध्याकाळी' झालेला असतो. नको तो शब्द उडतो. दोघांकडे दोन वेगळी पत्रकं तयार होतात.

यावर त्या काळचा सोपा उपाय म्हणजे कुलूप. एक जण लिहीत असताना बाकीच्यांनी हात बांधून बसायचं. बँकेच्या खात्यासाठी ते योग्यच आहे. पण माणसं एकत्र विचार करत असतील तर कुलूप घातक ठरतं, असं एलिस आणि गिब्ज यांचं म्हणणं होतं. त्यांनी कुलूप काढून टाकलं. प्रत्येकानं आपल्याकडे बिनधास्त लिहावं. दुसऱ्याची आज्ञा आली की दरम्यान आपण काय बदललं ते पाहून ती आज्ञा जुळवून घ्यायची, 'तिसरा' याचा अर्थ आता 'चौथा' असा लावायचा, आणि शेवटी सगळ्यांकडे एकच मजकूर राहील असं बघायचं. १९८९ मध्ये हा लेख प्रसिद्ध झाला. ग्रोव्ह नावाच्या संपादन-सॉफ्टवेअरवर त्यांनी तो प्रयोग केला. त्यांच्या पद्धतीत एक भोक राहून गेलं होतं, काही ठरावीक परिस्थितीत मजकूर जुळत नसे. नंतरच्या संशोधकांनी ते शोधलं, दुरुस्त केलं, आणि त्या दुरुस्त्यांची रांग पुढे गूगल डॉक्सपर्यंत आली. संशोधन असंच चालतं. पहिल्या माणसाचं उत्तर अपुरं असलं तरी प्रश्न त्याचा असतो.

आणि हा प्रश्न त्यांना का पडला? हे ज्याचं त्यानं ठरवावं. ज्याला पोरवयात मशीनजवळ बसून हात बांधायला लावले होते, त्यानं मोठेपणी 'एकानं लिहायचं, बाकीच्यांनी थांबायचं' या पद्धतीवर प्रश्न उभा केला. एलिस यांनी स्वतः असा संबंध जोडला होता असं मी सांगत नाही. पण कुठला प्रश्न महत्त्वाचा वाटतो हे माणसाच्या जगण्यातून येतं, एवढं तर कुठलाही समाजशास्त्राचा विद्यार्थी सांगेल. प्रतिनिधित्वाचा खरा अर्थ इथं आहे. आपली माणसं प्रयोगशाळेत हवीत ती फक्त पगारासाठी नव्हे, ती आली की प्रश्न बदलतात. लोक तुमच्याबद्दल आधीच एक चित्र रंगवून ठेवतात, ते ढकलून पुढे जा, असं एलिस विद्यार्थ्यांना सांगत.

आता आपल्याकडे या. केंद्रीय शिक्षण संस्थांमधल्या शिक्षक भरतीत आरक्षण देणारा कायदा २०१९ मध्ये झाला. पुढच्याच वर्षी, २०२० मध्ये, सरकारनं नेमलेल्या समितीनं शिफारस केली की आयआयटींना यातून वगळावं, कारण त्या 'उत्कृष्टतेच्या' संस्था. आणि कारण काय दिलं? राखीव प्रवर्गातले विद्यार्थी पीएचडीलाच कमी येतात, मग प्राध्यापक कुठून आणणार! म्हणजे पीएचडीच्या मुलाखतीत गाळायचं, आणि मग पीएचडी झालेले नाहीत म्हणून प्राध्यापक होऊ द्यायचं नाही. विद्यार्थी संघटनांनी माहितीच्या अधिकारात वेळोवेळी मिळवलेली उत्तरं काढून बघा. वर्षानुवर्षं एकही अनुसूचित जमातीचा संशोधक विद्यार्थी न घेतलेले विभाग त्यात सापडतात. या संस्थांना संगणकाला जात कळत नाही असं म्हणायचं असेल तर म्हणू देत. संगणकाच्या खोलीची किल्ली कुणाकडे आहे ते सांगा.

बाबासाहेब स्वतः प्राध्यापक होते हे आपण विसरतो. १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात ते अर्थशास्त्र शिकवायला लागले. कोलंबियातून शिकून आलेला माणूस, आणि सहकारी प्राध्यापकांची हरकत कशाला, तर पाण्याच्या भांड्याला. तेव्हा विद्वत्तेनं जात पुसली जाते हा भ्रम आपल्याला तरी नसावा.

पण सगळा दोष त्यांच्यावर टाकून मोकळं होता येणार नाही. आपल्या चळवळीतही एक कामाची वाटणी झाली आहे. विचार करायचा तो समाजशास्त्र, मराठी, राज्यशास्त्र, आंबेडकरी तत्त्वज्ञान यांनी. आणि संगणक म्हणजे नोकरी. पुणे, हिंजवडी, पॅकेज, फ्लॅटचा हप्ता. आपल्या व्याख्यानमालांमध्ये आयटीवाला मित्र वर्गणी द्यायला असतो, भाषण करायला नसतो. मी यासाठी त्याला नावं ठेवणार नाही. घरातला पहिला कमावता माणूस पाच वर्षं फेलोशिपवर काढणार कसा? आणि ती फेलोशिप तरी वेळेवर येते का? रोहित वेमुलाच्या शेवटच्या पत्रात थकलेल्या फेलोशिपचा हिशेब होता, हे विसरू नका. जोखीम खरी आहे. म्हणून 'मुलांनो, पीएचडी करा' असा फुकटचा उपदेश करण्याआधी चळवळीनं त्या मुलाच्या घरचं गणित मांडलं पाहिजे. महागाईनं फेलोशिप कमी पडली तर गावाकडे कोण बघणार, गाइडनं छळलं तर वकील कोण देणार, मुलाखतीची तयारी कोण करून घेणार. बाबासाहेबांना सयाजीरावांची शिष्यवृत्ती मिळाली. आज आपल्यातले हजारो जण चांगल्या पगारावर आहेत. चार मित्रांनी मिळून एका मुलीच्या पीएचडीचा आधार होणं अशक्य आहे का? पुतळ्याच्या वर्गणीपेक्षा जास्त लागत नाही.

एलिस यांची कारकीर्द आणखी एक गोष्ट दाखवते, जी आपल्या मुलांना कुणी सांगत नाही. विद्यापीठ आणि कंपनी यांच्यातला दरवाजा दोन्हीकडून उघडतो. ते विद्यापीठातून कंपनीत गेले, कंपनीतून दुसऱ्या संस्थेत, मग परत विद्यापीठात. पाच वर्षं नोकरी करून कर्ज फेडलेला सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा मुलगा पीएचडीला जाऊ शकतो. उलट त्याला खऱ्या सॉफ्टवेअरच्या दुखण्यांची जाण असते, ते भांडवलच आहे. 'आता वय गेलं' म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. गेटची परीक्षा, मार्गदर्शक शोधणं, संशोधनाचा विषय मांडणं, या गोष्टी एका रात्रीत होत नाहीत, पण अशक्यही नाहीत.

आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत देणगीतून आलेले दोन संगणक आहेत. स्पर्धा परीक्षांची पुस्तकं भरपूर, संगणक दुपारी बंद. कारण देखरेखीला कुणी नसतं आणि पोरं बिघडवतील अशी समितीतल्या ज्येष्ठांना भीती वाटते. गेल्या महिन्यात बैठकीत यावरून वाद झाला. मी म्हटलं, बिघडवू देत. दादा, दोन हजारात दुरुस्त होतो. शेवटी दुपारची किल्ली दहावीच्या दोन मुलींकडे द्यायचं ठरलं. तुमच्या गावात, तुमच्या विहारात कपाटात ठेवलेला संगणक असेल तर पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. आणि पुण्या-मुंबईतल्या आयटीवाल्या मित्रांनो, वर्गणी नंतर द्या. महिन्यातला एक रविवार द्या, आणि एलिस-गिब्ज यांचा १९८९ चा तो लेख आमच्या इंजिनिअरिंगच्या पोरांसोबत बसून वाचा. थोडेच पानांचा आहे. तिसऱ्या वर्षाच्या मुलाला पहिल्या वाचनात निम्मा कळेल, उरलेल्या निम्म्यासाठी तुम्ही लागाल.

जय भीम.